त्सुगश्पित्सेला पहिल्यांदा जाताय? पायवाटा, स्कीइंग आणि दोनशे वर्षांचा इतिहास

आयब्झे तळ्याच्या काठावरून रोपवेत बसलं की दहा मिनिटांत तुम्ही जर्मनीतल्या सर्वांत उंच जागी, आल्प्समधल्या त्सुगश्पित्सेच्या माथ्यावर, २,९६२ मीटरवर, जाऊन पोहोचता. त्याच जागी राइनटाल दरीच्या वाटेने पायी जायचं तर आठ ते दहा तास लागतात, तेही पाय तयार असतील तर. पहिल्यांदा येणाऱ्यांची बहुतेक फजिती या दोन आकड्यांमुळे होते. रोपवे सोपा, म्हणून डोंगरही सोपा वाटतो. मग ऐन जुलैत टी-शर्टवर आलेली मंडळी वर कुडकुडत कॉफीच्या रांगेत दिवस काढतात, आणि साध्या बुटांवर शेजारच्या सुळक्यावरच्या क्रॉसकडे निघालेला कुणीतरी शिडीवर मध्येच अडकून बसतो.

म्युनिक आणि आसपास आता मराठी कुटुंबं बरीच आहेत. पुण्या-नाशिकहून आई-बाबा आले की त्यांना कुठे कुठे न्यायचं त्या यादीत हा डोंगर असतोच. शिवाय सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेले, पण आल्प्स पहिल्यांदाच पाहणारे ट्रेकर मित्रही येतात. हे दोघांसाठी लिहितो आहे.

आधी ठरवा: कशासाठी जायचं?

हायकिंग, स्कीइंग आणि इतिहास हे तिन्ही इथे मिळतं, पण एका दिवसात मिळत नाही. पायी चढायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर. जूनमध्ये दरीत हिरवंगार असलं तरी वरच्या पठारावर बर्फ साचलेलाच असतो आणि वाटेच्या खुणा त्याखाली असतात. स्कीइंगचा हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीपासून १ मेच्या आसपासपर्यंत. नुसता माथा पाहायचा आणि इतिहास समजून घ्यायचा तर वर्षभरात केव्हाही चालेल. फक्त वसंतात आणि शरदात रोपवे काही दिवस देखभालीसाठी बंद असतो, तेवढ्या तारखा आधी बघून ठेवा.

आई-बाबा सोबत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: सप्टेंबर. उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली असते, हवा बहुधा स्थिर असते आणि दूरवरचं दिसतं. स्वच्छ दिवशी माथ्यावरून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली अशा चार देशांतली शिखरं दिसतात.

पोहोचायचं कसं

म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरून गार्मिश-पार्टनकिर्शनला रीजनल गाडीने साधारण दीड तास लागतो. गटाने जात असाल तर बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं रेल्वेचं तिकीट, स्वस्त पडतं, पण आठवड्याच्या कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं, हे विसरू नका. गार्मिश स्टेशनला लागूनच त्सुगश्पित्सेच्या गाडीचं वेगळं छोटं स्टेशन आहे. ही गाडी ग्राइनाऊपर्यंत साध्या रुळांवर धावते. तिथून दातेरी रूळ सुरू होतो, आयब्झेला थांबून ती चढाला लागते, आणि शेवटी लांबलचक बोगद्यातून डोंगराच्या पोटातून जात थेट वरच्या पठारावर, म्हणजे त्सुगश्पित्सप्लाटवर, २,६०० मीटरच्या आसपास बाहेर पडते. गार्मिशपासून वरपर्यंत सव्वा तास. प्लाटवरून माथ्यावर न्यायला आणखी एक छोटा रोपवे आहे.

दुसरा मार्ग म्हणजे आयब्झेला उतरायचं आणि तिथून मोठ्या रोपवेने थेट माथा गाठायचा. हा रोपवे २१ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाला. त्याचा एकमेव पोलादी खांब १२७ मीटर उंच आहे, त्यापुढे तारा ३,२१३ मीटर अंतर कुठेही आधार न घेता तोलून असतात, आणि एका खेपेत तुम्ही १,९४५ मीटर वर जाता.

तिकीट एकच असतं. जाताना एक मार्ग, येताना दुसरा, असा फेरा त्यातच होतो, तेव्हा तो कराच. मी नव्या माणसाला आधी गाडीने चढायला आणि रोपवेने उतरायला सांगतो. सव्वा तासात चढलं की शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला थोडी सवड मिळते, आणि उतरताना आयब्झेचं हिरवं-निळं पाणी समोरून वर येताना दिसतं. दुपारनंतर ढग येणार असा अंदाज असेल तर मात्र क्रम उलटा करा: सकाळी पहिल्या खेपांपैकी एखादीने थेट माथ्यावर जा.

उन्हाळ्यात प्रौढांचं परतीचं तिकीट ७० युरोंच्या वर जातं. चौघांचं कुटुंब म्हटलं तर ही मोठी रक्कम आहे. म्हणून तिकीट काढायच्या आधी, अगदी खिडकीसमोर उभं राहूनसुद्धा, माथ्याचा वेबकॅम बघा. गार्मिशमध्ये ढग असतील तरी वर लख्ख ऊन असू शकतं, आणि खाली ऊन असताना माथा ढगात असू शकतो. खालचं आकाश बघून अंदाज बांधू नका.

उंची आणि थंडी

३,००० मीटरच्या जवळ हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच असतो. पुणे जेमतेम ५६० मीटरवर आहे. काही तासांत एवढा फरक पडला की धाप लागणं, डोकं जड होणं साहजिक आहे. वर पोहोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं घाई करू नका, पाणी प्या, जिना हळू चढा. डोकेदुखी वाढत गेली, मळमळ सुरू झाली, तर उपाय एकच: खाली उतरणं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळाला नेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

जुलैतही माथ्यावरचं सरासरी तापमान ३-४ अंश असतं. इथलं नोंदलेलं नीचांकी तापमान उणे ३५.६ अंश आहे, १४ फेब्रुवारी १९४० चं. उन्हाळ्यातल्या फेरीसाठीही स्वेटर किंवा फ्लीस, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, पातळ हातमोजे आणि गॉगल हवाच. सनस्क्रीन तर आठवणीने लावा. वर ऊन तीव्र असतं, आणि बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला भाजतं, जिथे लावायचं कुणाला सुचत नाही.

१३ जुलै २००८ ला काय झालं ते सांगतो, म्हणजे कपड्यांचा आग्रह का धरतो ते कळेल. त्या दिवशी ऑस्ट्रियाच्या बाजूच्या एरवाल्डहून माथ्यापर्यंत डोंगर-धावण्याची शर्यत होती. वाटेत हवा बिघडली, वर बर्फ पडू लागला, आणि पातळ कपड्यांतले दोन धावपटू थंडीने आणि थकव्याने गेले. कसलेले, तंदुरुस्त लोक होते. महिना जुलै होता.

माथ्यावर: इथेच थोडं रेंगाळा

बरेच लोक गच्चीवर फोटो काढतात, स्ट्रुडल खातात आणि उतरतात. पण या गच्चीवर उभं राहून चारी दिशांना नीट पाहिलं, तर दोनशे वर्षांचा इतिहास एका नजरेत मावतो.

शिखरावरच्या पहिल्या चढाईची नोंद २७ ऑगस्ट १८२० ची आहे. बव्हेरियाच्या सैन्यातला लेफ्टनंट योजेफ नाउस नकाशासाठी मोजणी करायला या भागात आला होता. सोबत त्याचा मदतनीस मायर आणि वाटाड्या योहान गेओर्ग टाउश्ल. ते राइनटालमधून चढले. माथ्यावर जेमतेम पाच मिनिटं झाली आणि गडगडाटासह बर्फाचं वादळ आलं, त्यांना जीव मुठीत धरून उतरावं लागलं. या डोंगरावरच्या हवेबद्दलची नोंद ही अशी, पहिल्याच दिवसापासूनची आहे.

पूर्वेकडच्या सुळक्यावर सोनेरी क्रॉस दिसतो. मूळ क्रॉस १८५१ साली तुकड्या करून माणसांच्या पाठीवरून वर नेला आणि तेव्हा तो पश्चिमेकडच्या शिखरावर उभारला. पुढे तो पूर्व शिखरावर हलवला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन सैनिकांनी त्यावर नेमबाजी केली, त्याला गोळ्यांची भोकं पडली. १९९३ मध्ये त्याच्या जागी हुबेहूब नवा बसवला. आज दिसतो तो हा.

आता पश्चिमेकडे बघा. तिथलं शिखर बुटकं आणि सपाट दिसतं, कारण ते १९३८ मध्ये सुरुंग लावून उडवलं. जर्मन सैन्याला तिथे विमानवाहतुकीवर लक्ष ठेवायचं केंद्र बांधायचं होतं. केंद्र कधीच झालं नाही. शिखर मात्र गेलं ते गेलंच. मधल्या शिखरावर तर इमारतीच आहेत. म्हणजे मूळच्या तीन शिखरांपैकी आज एकच शाबूत आहे.

गच्चीला लागून जी लाकडी-दगडी जुनी वास्तू दिसते ती म्युन्शनर हाउस. १८९७ पासून गिर्यारोहकांचा हा निवारा इथे आहे. त्याला चिकटून असलेला हवामान केंद्राचा बुरूज १९०० चा. पहिल्या हिवाळ्यात तिथे योजेफ एन्झेन्स्पेर्गर हा तरुण निरीक्षक एकटा राहिला. बाहेर बर्फ, रोपवे नाही, रेल्वे नाही, आणि ठरलेल्या वेळी नोंदी घ्यायच्या. नंतर तो जर्मन दक्षिणध्रुवीय मोहिमेत गेला आणि १९०३ मध्ये केर्गेलेन बेटावर बेरीबेरीने वारला. त्या बुरुजासमोर मी दर वेळी थोडा थांबतो. आपण पाच मिनिटं वाऱ्यात उभं राहिलो तरी आत पळतो.

गच्चीवरून पश्चिमेला चार पावलं टाकली की ऑस्ट्रियाचं टिरोल लागतं. पाटी आहे, तपासणी नाही. एरवाल्डहून येणारा टिरोलचा रोपवे १९२६ मध्ये सुरू झाला, म्हणजे या डोंगरावर यंत्राने माणूस चढवण्यात ऑस्ट्रियाने बाजी मारली. मग बव्हेरियाने १९२८ मध्ये दातेरी रेल्वेचं काम काढलं आणि जुलै १९३० मध्ये गाडी वर पोहोचली. कडाक्याच्या थंडीत, कड्यांवर लोंबकळत बोगदा खोदताना कामगारांचे जीव गेले. ज्या बोगद्यात आज आपण मोबाइल बघत बसतो, तो असा तयार झाला. पुढे प्लाटपर्यंत जो नवा फाटा काढला त्याला स्कीपटू रोझी मिटरमायर हिचं नाव आहे. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये तिने दोन सुवर्णपदकं जिंकली होती.

जुनी गाडी जिथे थांबायची ती श्नेफेर्नरहाउस ही इमारत माथ्याच्या थोडी खाली कड्याला चिकटलेली दिसते. एकेकाळी तिथे हॉटेल होतं. १५ मे १९६५ रोजी हिमस्खलन त्याच्या गच्चीवर कोसळलं आणि ऊन खात बसलेल्यांपैकी दहा जण मेले. आज तिथे हवामान आणि पर्यावरणाचं संशोधन चालतं.

क्रॉसपर्यंत जायचं का? अंतर काही मिनिटांचं आहे. गच्चीवरून लोखंडी शिडी उतरायची, मग पोलादी तार धरून कातळावरून जायचं. खाली दरी आहे आणि दृष्टिभय चांगलंच आहे. ट्रेकिंगचे बूट, कोरडा कातळ आणि सह्याद्रीतले दोन-चार रॉक पॅच केल्याचा सराव असेल तर जा. स्नीकर्स असतील, कातळ ओला किंवा बर्फाळ असेल, किंवा शिडीवर रांग लागली असेल तर सरळ सोडून द्या. गच्चीवरून क्रॉस उत्तम दिसतो.

प्लाट आणि वितळती हिमनदी

माथ्यावरून छोट्या रोपवेने प्लाटवर उतरा. गर्दी इथे विरळ होते. जर्मनीतलं सर्वांत उंचावरचं चर्च म्हणजे इथलं छोटंसं चॅपल. १९८१ मध्ये त्याचा अभिषेक योझेफ रात्सिंगर यांनी केला. ते तेव्हा म्युनिकचे आर्चबिशप होते, पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले.

श्नेफेर्नर ही हिमनदी इथेच. तिच्या दक्षिणेकडच्या भागाला २०२२ मध्ये हिमनदी म्हणणं शास्त्रज्ञांनी थांबवलं, कारण उरलेला बर्फ इतका पातळ झाला होता की तो स्वतःच्या वजनाने सरकत नव्हता. उत्तरेकडचा भाग अजून आहे, पण ऑगस्टअखेर तो पाहिलात तर करडा, धुळीने माखलेला आणि चहूबाजूंनी दगडगोट्यांनी घेरलेला दिसतो. मुलांना घेऊन जात असाल तर हे मुद्दाम दाखवा. त्यांच्या मुलांना ते दाखवता येईल असं वाटत नाही.

पायी जायच्या वाटा, सोप्यापासून अवघडपर्यंत

*आयब्झेची प्रदक्षिणा.* साधारण साडेसात किलोमीटर, दोन तास, चढ जवळजवळ नाही. आई-बाबांना हीच वाट. रोपवेने उतरल्यावर संध्याकाळी केली तर दिवस छान पुरा होतो.

*पार्टनाखक्लाम.* गार्मिशच्या स्की स्टेडियमपासून अर्ध्या तासाच्या आत या घळीचं तोंड येतं. सुमारे ७०० मीटर लांब, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि कातळात कोरलेल्या वाटेशेजारून नदी कानठळ्या बसवत जाते. वरून सतत पाणी ठिबकतं, तेव्हा रेनकोट हवा. प्रवेशाचं तिकीट आहे. बर्फ वितळतानाच्या दिवसांत किंवा जोराच्या पावसानंतर घळ बंद ठेवतात.

*राइनटालमार्गे माथा.* नाउस ज्या दरीतून गेला तीच ही. सुमारे २१ किलोमीटर आणि २,२०० मीटरची चढाई. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज घ्या. वाट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, लांब आहे. म्हणून एका दिवसात करायच्या फंदात पडू नका, दोन दिवसांत करा.

पहिला दिवस: स्की स्टेडियमपासून पार्टनाखक्लाममधून दरीत शिरायचं, बोकह्युटेला (ह्युटे म्हणजे डोंगरातला निवारा) थांबून खायचं आणि राइनटालांगरह्युटेला (१,३६९ मीटर) मुक्काम. हा पल्ला नदीच्या सोबतीने, जंगलातून हळूहळू चढत जातो. वाटेत ब्लाउए गुम्पे नावाचं निळंशार तळं होतं. ऑगस्ट २००५ च्या पुरात ते दगड-गाळाने भरून गेलं, आज तिथे खडीचं रुंद पात्र आहे. मुक्कामापासून थोडं वर पार्टनाख नदीचा उगम. तो पाहायला संध्याकाळी जाच. वरचं प्लाट चुनखडीचं, भेगाभेगांचं आहे. तिथलं बर्फाचं पाणी जमिनीत गडप होतं आणि इथे कातळाच्या फटीतून, झरा म्हणता येणार नाही एवढ्या जोराने, बर्फासारखं गार उसळून बाहेर येतं.

दुसरा दिवस: क्नोरह्युटेपर्यंत (२,०५१ मीटर) चढ अंगावर येतो आणि झाडं संपतात. इथला निवारा १८५५ पासूनचा आहे. त्यापुढे पांढऱ्या दगडांचं ओसाड रान. ऊन असेल तर सावली कुठेही नाही आणि पाणीही नाही, म्हणून क्नोरह्युटेलाच बाटल्या भरून घ्या. प्लाटवर झोनआल्पिन रेस्टॉरंट येतं. इथून माथ्याकडे शेवटचा पावणेचारशे मीटरचा टप्पा म्हणजे आधी घसारा, मग तार लावलेला कातळ. घसाऱ्यात दोन पावलं वर आणि एक खाली, हे सह्याद्रीवाल्यांना सांगायला नको. फरक एवढाच की इथे हवा विरळ आहे आणि पाय आधीच बोलू लागलेले असतात. दमला असाल तर प्लाटवरून रोपवे घेऊन माथ्यावर जा. त्यात कमीपणा काही नाही.

*ह्योलेनटाल.* फोटो बघून नवखे याच वाटेच्या प्रेमात पडतात. घळ सुंदर आहे आणि ह्योलेनटालांगरह्युटेपर्यंत (१,३८७ मीटर) जाऊन परत येणं हा छान दिवसभराचा ट्रेक आहे. त्यापुढे मात्र कातळात ठोकलेल्या लोखंडी कांब्या, मग भेगा असलेली हिमनदी, मग लांबलचक तारेची वाट. हेल्मेट, हार्नेस, तारेत अडकवायचा क्लेटरश्टाइग सेट, क्रॅम्पॉन्स (बर्फावर चालायला बुटांना बांधायचे लोखंडी काटे) आणि ते वापरायची सवय हवी. पहिल्या आल्प्सवारीत ही वाट प्रशिक्षित गाइडशिवाय करू नये, असं मी ठामपणे सांगेन. लिंगाणा केलेला असला तरी. हिमनदीवर चालणं हे आपल्याकडे शिकायलाच मिळत नाही.

वाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो. तो वेळ सराईत चालणाऱ्याचा आणि विश्रांती न धरता दिलेला असतो, आपण त्यात किमान पाव भाग मिळवावा. निळा रंग म्हणजे सोपी वाट, लाल मध्यम, काळा अवघड. आणि उन्हाळी दुपारी विजा होतात. धारेवर, तारेजवळ असताना वीज नको, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत वरचा टप्पा संपवायचा.

डोंगरातल्या ह्युटेमधला मुक्काम

जागा आधीच आरक्षित करा, शनिवार-रविवार फार लवकर भरतात. झोपायला सामायिक खोलीत शेजारी-शेजारी गाद्या असतात. ब्लँकेट मिळतं, पण स्वतःचं पातळ सुती किंवा रेशमी अस्तर, म्हणजे ह्युटेनश्लाफझाक, सक्तीचं असतं. बूट दारातल्या खोलीत काढायचे. रात्री दहानंतर शांतता. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान लावायचं ते आदल्या संध्याकाळीच उरका. रोख पैसे जवळ ठेवा.

शाकाहारी मंडळींची सोय होते, विचारून घ्यावं लागतं. केझेश्पेत्स्ले हा चीजमधला पिठाच्या शेवेचा प्रकार आणि कायझरश्मार्न हे गोड, तुकडे केलेलं धिरडं जवळपास सगळीकडे मिळतं. पण डाळीच्या सूपात सॉसेज आणि क्नोडेलमध्ये, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांमध्ये, डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. ऑर्डर देतानाच ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ (मांस नको, डुकराची चरबी-मांस नको) म्हणा. सॅकमध्ये दशम्या, चिक्की, खजूर असू द्या. वाटेत कुणी भेटलं की ‘ग्रूस गॉट’ म्हणायची पद्धत आहे.

स्कीइंग

कधीच स्की केलं नसेल तर पहिला दिवस त्सुगश्पित्सेवर घालवू नका. वरचे उतार सुंदर आहेत, सुमारे २० किलोमीटर, सगळा नैसर्गिक बर्फ. पण उंची, वारा आणि थंडी यांत शिकणं कठीण जातं. गार्मिशच्या हाउसबेर्ग भागात शिकणाऱ्यांसाठी सौम्य उतार आणि स्कीशाळा आहेत. तिथे दोन दिवस शिक्षकाकडून शिका, वळणं घेऊन थांबता यायला लागलं की वर या. (१९३६ चं हिवाळी ऑलिंपिक याच गावात झालं आणि आल्पाइन स्कीइंगचा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा समावेश झाला तो तेव्हा. स्पर्धेच्या आधी गार्मिश आणि पार्टनकिर्शन ही दोन गावं नाझी राजवटीने एकत्र केली, आणि पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या तेवढ्यापुरत्या उतरवल्या. स्की स्टेडियम पाहताना हेही माहीत असावं.)

भाड्याने सामान घेताना बुटांवर वेळ घाला. एकच पातळ, लांब मोजा घालायचा. दोन जाड मोजे घातले की पाय बुटात सरकतो आणि गारही पडतो. उभं राहिल्यावर बोटं टोकाला जेमतेम टेकावीत, गुडघे पुढे वाकवले की मागे सरकावीत. दुकानदार वजन, उंची आणि सराव विचारतो, कारण पडल्यावर स्की बुटापासून सुटायला किती जोर लागेल ते त्यावर ठरवतो. आपण खूप येतं असं सांगितलं तर ते घट्ट बसवलं जातं, आणि मग पडल्यावर स्की सुटत नाही, गुडघा जातो. खरं सांगा. हेल्मेट घ्याच.

टी आकाराच्या दांड्याची लिफ्ट दिसली तर त्यावर बसायचं नाही. दांडा मांड्यांच्या मागे घ्यायचा, उभंच राहायचं आणि ओढू द्यायचं. पडलात तर लगेच रुळावरून बाजूला व्हा, मागून पुढची जोडी येत असते.

उतारावरचा मुख्य नियम: तुमच्या खाली, पुढे असलेल्याचा हक्क आधी. मागून येणाऱ्याने वाट बदलायची. थांबायचं तर कडेला. आखलेल्या उतारांबाहेर नवख्याने अजिबात जाऊ नये. हिमस्खलनाचा धोका १ ते ५ अशा पायऱ्यांत रोज जाहीर होतो. ३ म्हणजे मधला, असं समजून निर्धास्त होऊ नका, त्या पायरीवरही माणसं मरतात.

आणखी एक गोष्ट: प्लाटवर झाडं नाहीत. ढग उतरले की जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचं होतं, उंचवटा कुठे, खळगा कुठे कळत नाही. असं झालं की उताराकडेच्या खांबांच्या आधाराने हळूहळू लिफ्टपर्यंत या आणि आत बसा. इथून खाली आयब्झेपर्यंत स्की करत जाता येत नाही. उतरायचं ते गाडीने किंवा रोपवेनेच.

विमा, मदत आणि शेवटची गाडी

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पण तो स्कीइंगला आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने काढण्याला लागू आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या. अनेकदा नसतो. जर्मनीत राहणाऱ्यांनी जर्मन आल्पाइन क्लबचं सदस्यत्व घ्यावं. त्यात बचावखर्चाचं संरक्षण असतं, शिवाय ह्युटेमध्ये मुक्काम स्वस्त पडतो. पासपोर्ट जवळ ठेवा, कारण धार म्हणजेच देशाची सीमा आहे.

मदतीसाठी ११२. सीमेच्या दोन्ही बाजूंना हाच नंबर. दऱ्यांमध्ये रेंज नसते, तेव्हा आल्प्समधली ठरलेली खूण वापरा: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा वेळा. मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं की तुमचा इशारा पोहोचला.

खाली येणारी शेवटची गाडी आणि रोपवे साधारण दुपारी साडेचारच्या आसपास असतात. त्या दिवसाची नेमकी वेळ सकाळीच फोटो काढून ठेवा. राइनटालमधून चढणाऱ्यांनी दुपारी दोनपर्यंत क्नोरह्युटे ओलांडली नसेल तर माथ्याचा विचार सोडावा आणि तिथेच जागा मिळते का विचारावं. सकाळी वेबकॅमवर नुसता पांढरा पडदा दिसला तर तिकिटाचे पैसे वाचवून स्की स्टेडियम आणि पार्टनाखक्लाम पाहा. ढगाळ दिवशी घळीतलं पाणी उलट जास्त छान दिसतं, आणि रेनकोट तर सॅकमध्ये आहेच.